कोरी प्लेट

३ नोव्हें., सोम.
पुन्हा गुडघा. इंजेक्शन शनिवारीच घेतलं. पूर्वी त्यावर आख्खा आठवडा निघायचा. आता दोन दिवसांत सांधा गरम. हिमोफिलिया, रक्त लवकर गोठत नाही, म्हणून चाकणच्या कंपनीत बसून करायचं काम मिळालंय, तरी सांधा आखडू नये म्हणून मधूनमधून मुद्दाम उभा राहतो. शेजारच्या टेबलावरचे संतोषभाऊ म्हणाले, "राव, लंगडतोय का नाचतोय?" हसलो.

५ नोव्हें., बुध.
डॉक्टरांना दाखवलं. औषधातल्या प्रथिनाला पेग नावाची लांब साखळी जोडतात, त्यामुळे ते रक्तात टिकतं. कधीकधी शरीर त्या साखळीवरच उठतं, तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. तसं निघालं तर हे इंजेक्शन बंद. मग जुनं, दिवसाआड. दिवसाआड सुई आणि पहिली शिफ्ट. मागची नोकरी त्यातच गेली.
हिंजवडीच्या लॅबमध्ये रक्त दिलं.

११ नोव्हें., मंगळ.
रिपोर्ट आला. प्रतिपिंडं आढळली नाहीत. चार वेळा वाचला. आईने देवापुढे ठेवला. "आता गुमान ऱ्हाईल बघ त्यो गुडघा."
संध्याकाळी परत सूज. मग ही कशाने?

१३ नोव्हें., गुरु.
लॅबच्या मॅडमचा फोन. ज्या प्लेटवर रक्त तपासतात, ती धुण्याच्या पाण्यात नेहमीचा साबण होता. बाकी तपासण्यांना चालतो, हिला नाही. त्या साबणातही पेगच्याच साखळ्या. प्रतिपिंडं असली तरी साबणाला चिकटून वाहून जातात, प्लेट कोरी दिसते. "तो रिपोर्ट धरू नका, दादा. रक्त परत द्या."
चूक त्यांनीच पकडली, त्यांनीच कळवली. रागही धड येईना.

१४ नोव्हें., शुक्र.
नोकरीत कायम करण्याआधी कंपनीच्या डॉक्टरांना उपचाराचे कागद हवेत. सोमवारपर्यंत. संतोषभाऊंना सगळं सांगितलं. म्हणाले, "आहे तो रिपोर्ट लाव की भावा. कोण विचारतंय?"
खरंच कोणी विचारणार नाही.
आईचंही तेच. "बरा आलाय न्हवं? मग परत रगत कशापायी?"

१५ नोव्हें., शनि.
आज इंजेक्शनचा दिवस. डॉक्टरांनी थांबवलंय, निकाल येईपर्यंत नको म्हणाले.
हिंजवडीला गेलो. वाकडच्या पुलावर बस अडकली, उतरून घरी जावं असं दोनदा वाटलं. मॅडमनी स्वतः रक्त घेतलं. या वेळी बिनसाबणाच्या पाण्याने धुणार. निकाल मंगळवारी.
कागद सोमवारी.
येताना मनात आलं, त्यांच्या हातून पुन्हा तीच चूक झाली तर बरं. असं लिहू नये. पण आलं.