प्लग काढल्यावर

३ तारीख, सोमवार

आलो एकदाचा! दोन बॅगा, हत्यारांची पेटी आणि शर्टावर प्रवासात सांडलेला चहा, अशा थाटात नव्या नोकरीवर रुजू झालो. जागा बघून जीव खूश झाला. खाली रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान, मागे लांबलचक टेबल, टेबलासमोर खिडकी. वर स्वयंपाकघर आणि दोन खोल्या, त्यातली एक माझी. मधला जिना लाकडी, अकरा पायऱ्यांचा. वरून चौथी पायरी करकरते. रात्रीचं गुपचूप खाली उतरून बाहेर सटकण्याचा प्रश्न मिटला.

मालकीण म्हणजे काकू. साठीच्या, बारीक अंगाच्या, बोलणं तुटक. दुकान त्यांच्या मुलाचं. तो दोन वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून शटर बंद होतं. काकू खाली येत नाहीत, काय असेल ते जिन्याच्या तोंडाशी उभं राहून सांगतात. मला 'मिस्त्री' म्हणतात. मी भिंती बांधत नाही हे दोनदा सांगून पाहिलं, मग ओ द्यायला लागलो.

नवी वही, म्हणून ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या उस्तादांचा नियम पहिल्याच पानावर लिहितो. प्लग काढला म्हणजे यंत्र मेलं असं नाही. आतले मोठे कपॅसिटर वीज धरून बसतात, कधी तासन्‌तास. आधी वायर लावून चार्ज उतरवायचा, मीटरवर शून्य बघायचं, मगच आत हात. आणि रोजनिशीची शेवटची ओळ तीच लिहायची, म्हणजे विसर पडत नाही. बावीस वर्षांत ही ओळ चुकलेली नाही, म्हणून दहा बोटं शाबूत आहेत.

दोन रेडिओ झाले. चार्ज उतरवला.

५ तारीख, बुधवार

टेबलाच्या कोपऱ्यात चादरीखाली झाकलेली एक वस्तू होती. काकूंनी आज ती उघडायला सांगितली. गिटारचा अॅम्प्लिफायर, काचेच्या व्हॉल्व्हचा, मुलाने स्वतः बांधलेला. काम इतकं नेटकं की मला माझ्या सोल्डरची लाज वाटली. भिंतीवरची गिटार लावून एक तार छेडली आणि दात शिवशिवले. आवाज चिरका, भातात खडा लागावा तसा.

काकू वरून म्हणाल्या की हाच तो. रोज दुपारी तो वाजवायचा आणि रोज दुपारी त्या ओरडायच्या, कान किटतात रे, बंद कर ते. आता तो आवाज त्यांना एकदाच मऊ झालेला ऐकायचाय. खरं तर त्यासाठीच त्यांनी माणूस शोधला, रेडिओ नुसतं निमित्त.

मागची फळी काढली तर आत चिठ्ठी चिकटवलेली. पोराचं अक्षर. तीन बदल ओळीने लिहिलेले: व्हॉल्यूमवरचा छोटा कपॅसिटर काढणे, कारण तो चिरके स्वर थेट पुढे सोडतो, दुसरा एक कपॅसिटर लावून उरलेले तीक्ष्ण स्वर जमिनीत उतरवणे, शेवटी एक रेझिस्टर बदलणे. प्रत्येकापुढे लिहिलंय, 'आईला विचारणे.'

चिठ्ठी होती तिथेच ठेवली. चार्ज उतरवला.

७ तारीख, शुक्रवार

पहिला बदल केला. त्या कपॅसिटरचा एक पाय आधीच अर्धवट सुटलेला होता, म्हणजे काम त्याने सुरू केलं होतं. आवाजाची धार निम्म्याने गेली.

एक गोष्ट लिहून ठेवतो. व्हॉल्व्ह गरम असतात, आत चार्ज असतो, त्यामुळे प्लग काढल्यावरही असा अॅम्प्लिफायर चार-पाच सेकंद बोलतो. यात नवल काही नाही. पण आज त्या सेकंदांत गिटारला माझा हात नव्हता, आणि स्पीकरमधून कुणीतरी काहीतरी विचारल्यासारखं वाटलं. शब्द नव्हते, नुसता प्रश्नाचा हेल.

रेडिओ स्टेशन पकडलं असणार. होतं असं. चार्ज उतरवला.

८ तारीख, शनिवार

शेजारच्या चष्मेवाल्यांनी सगळं सांगितलं. पोरगा गेला त्या दुपारी काकू नेहमीसारख्या ओरडल्या. पोरगा हसून म्हणाला, थांब, आत्ता मऊ करून देतो. प्लग काढला आणि त्याच क्षणी आत हात घातला. आईला खूश करायची घाई. काकूंना वाटलं, ऐकलं एकदाचं, गप्प झाला. तासाभराने चहाला हाक मारली तेव्हा कळलं.

काकू अजून भेटेल त्याला विचारतात, प्लग तर काढला होता ना, मग कसं झालं? चष्मेवाल्यांनी दोनदा समजावलं. त्यांच्या डोक्यात ते शिरतच नाही.

दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. चार्ज उतरवला.

१० तारीख, सोमवार

दुसरा बदल. आवाज आता बराच निवळला. प्लग काढला, आणि स्वच्छ ऐकू आलं.

आई, आता?

मी घाबरून चार्ज उतरवण्याची वायर लावली. आवाज शब्दावरच तुटला, कुणाच्या तोंडावर हात दाबावा तसा.

संध्याकाळी काकू आपणहून बोलल्या. त्याचा हात शेवटचा जिथे लागला, तिथे एकदा हात ठेवायचाय म्हणाल्या. सगळं झालं की ठेवा, असं म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

चार्ज उतरवला.

१२ तारीख, बुधवार

आज काही बदललं नाही. नुसता चालू केला, बंद केला. तेच. आई, आता?

मीच उत्तर दिलं. म्हटलं, छान झालाय रे पोरा. तो थांबला. मग पुन्हा तेच, पहिल्यापेक्षा हळू. माझं उत्तर त्याला नकोय.

माझी आई गेली तेव्हा मी परक्या गावात कुणाच्या तरी टेपरेकॉर्डरमध्ये डोकं घालून बसलो होतो. तिने दोनदा हाक मारली होती म्हणे. आणि इथे हा रोज विचारतोय आणि रोज मीच त्याचं तोंड बंद करतोय. भीती वाटते. त्याहून जास्त लाज वाटते.

चार्ज उतरवला.

१३ तारीख, गुरुवार

आधी चार-पाच सेकंद बोलायचा. आज मोजले, चाळीस. असं होऊ शकत नाही.

काकूंना ऐकवायचं. ठरलं. उद्या तिसरा बदल, आणि प्लग काढल्यावर वायर लावायची नाही — तो बोलेपर्यंत तरी नाही.

चार्ज उतरवला.

१४ तारीख, शुक्रवार. दुपारी दोन

रेझिस्टर बदलला. काकू पाचव्या पायरीपर्यंत आल्या, कठडा धरून बसल्या. मी तार छेडली. मऊ. इतका मऊ की मलाच भरून आलं. काकू रडल्या.

प्लग काढला. वायर खिशातच ठेवली.

आई, आता?

त्यांनी ऐकलं. हातातला कठडा सुटला. कोसळल्याच. मी तसाच धावलो, उचलून वर आणलं, पाणी पाजलं. पडल्यात. भिंतीकडे तोंड करून —

तीन

अजून बोलतोय. तास झाला. प्लग टेबलावर पडलाय, मी स्वतः काढला — फळी उघडी — आई, आता? — थांबतो — आई, आता? — चिडत नाही, कंटाळत नाही. नुसता विचारतोय. खाली जायचा धीर नाही मला. कानात बोटं घालून बसलोय आणि लिहितोय, म्हणजे एकच कान —

काकू उठल्या. माझ्या दारावरून गेल्या. केस नीट बांधलेत. हसल्या माझ्याकडे बघून —

बोलतायत! आवाज किती मोकळा — हो रे राजा, आता छान वाटतंय — आले, आले म्हणतायत — चौथी पायरी करकरली —

खाली पोचल्या. खालचा आवाज थांबला. मिळालं त्याला उत्तर. मायलेकरांच्या मध्ये आपण कशाला — भेटू देत — रडू आवरत नाही, पण बरं वाटतंय, किती दिवसांनी — आजचं काम संपलं. शेवटची ओळ लिहितो आणि वही मिटतो.

चार्ज —