कायमच्या पत्त्याची कटकट

शिरसी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. सुब्राय यास तिमप्पा भावोजींचे अनेक आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याला उतार पडला असेलच. (नसला तर पडला असं समज, मी तेच करतो.) इकडे गाय ठीक, मी ठीक, सुपारी अंगणात वाळतेय.

तू हुबळीहून पाठवलेली इंटरनेट कंपन्यांची यादी पोचली. तुझी अक्का गेल्यावर तिची सगळी गाणी मी घरच्या कॉम्प्युटरवर चढवली. तुझी भाची शाल्मला तिकडे जर्मनीत बसून ती ऐकते आणि आईचे शब्द वहीत उतरवते. पण वीज जाऊन आली (म्हणजे रोजच) की आमच्या इंटरनेटचा पत्ता बदलतो. मग तिचा फोन, "अप्पय्या, आजचे आकडे सांगा." मी चष्मा शोधून चार आकडे वाचतो. म्हणून तिचा हट्ट, की स्टॅटिक आयपी घ्या, पत्ता कायम एकच राहील.

पहिली कंपनी तो फक्त दुकानांना देते. बाई म्हणाली, "अज्जा, घराला कशाला हवा?" दुसरीची तार सीताराम भटाच्या फणसावरून येणार. त्याच फणसापायी आमचं बोलणं नऊ वर्षं बंद आहे, आता तारेसाठी तोंड उघडू? तिसरीचा माणूस घरी आला, जेवायला बसवला, तर ताकातल्या तंबुळीला नुसतं "बरी आहे" म्हणाला. ज्याला तंबुळी कळत नाही त्याच्या हाती घरची तार कशी द्यावी? तेव्हा तुझी यादी वाया गेली, वाईट वाटून घेऊ नकोस.

ता. क. तिसऱ्याने तंबुळी तीनदा मागून घेतली. माणूस चांगला आहे, कायमचा पत्ताही देतो. अर्ज भरून आठवडाभर पानाच्या तबकाखाली आहे, फक्त माझी सही राहिलीय.

आणखी एक. आकडे सांगून झाले की शाल्मला विचारते, "जेवलात का? गोळ्या घेतल्या? अम्माची जाई फुलली का?" अर्धा तास कसा जातो कळत नाही. त्या अर्ध्या तासासाठी मी दिवसभर थांबतो, सुब्राय. आईची गाणी तिला मिळायलाच हवीत, पण पत्ता कायमचा झाला की तिने फोन कशासाठी करायचा? संक्रांतीला? तिने विचारलं तर एवढंच सांग, की शिरसीत धड एक कंपनी नाही.

काल दिवसभर वीज गेलीच नाही. संध्याकाळी मीच उठून मेन स्विच खाली ओढला.