खोली रिकामी, पोरं ठणठणीत

४ सप्टेंबर, सोमवार
शाळेत नवीन थेर. आठवी ते दहावीच्या पोरांची मनं म्हणे बिघडलीत. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेसनी, आम्हा शिपायांनासुद्धा मीटिंगला बसवलं. दर गुरुवारी एक मनाच्या बाई येणार. त्यांचा खरा शब्द मोठा आहे, माझी जीभ वळत नाही. मीटिंगला त्या आल्या होत्या. म्हणाल्या, सगळ्यांनी रोज मनातलं दोन ओळी लिहा, कुणाला दाखवू नका. चौथीनंतर मी पेन धरलेलं नाही. पण मागे हटणाऱ्यातली मी नाही.
मनातलं लिहिते. किळस. मुलांच्या संडासात आज परत कुणीतरी कागदाचे बोळे कोंबले.

५ सप्टेंबर
माझी झाडू-फिनेलची खोली गेली. आता ती मन मोकळं करायची खोली. माझ्या बादल्या जिन्याखाली. भिंतींना जुलाबाच्या औषधासारखा गुलाबी रंग. बसायला खुर्ची नाही, थर्माकोलच्या दाण्यांचं पोतं आहे. त्यात बसलेला माणूस आपला आपण उठू शकत नाही. हसरे-रडके चेहरे काढलेला तक्ता लावलाय, त्यातल्या रडक्याला कुणीतरी आजच मिशा काढल्या.
खोली मी सांभाळायची. मूल आत गेलं की दार लावायचं, पाटी उलटी करायची, बाहेर स्टुलावर बसायचं आणि कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. हे शेवटचं मोठ्या बाईंनी दोनदा सांगितलं. का ते कळलं नाही.
ठरवलं. महिन्याभरात सगळी पोरं सरळ करून दाखवते. गुरुवारची वाट कशाला बघायची?

७ सप्टेंबर, गुरुवार
ही गर्दी. कुणी नखं खातंय, कुणी भिंतीचा रंग खरवडतंय. एकीनं टिश्यूचा अर्धा डबा संपवला आणि ओले बोळे पोत्यामागे कोंबले. शी. तोंड धुऊन ये म्हटलं, तर अजून रडली.
आमची पोरगी याच शाळेत दहावीला आहे. शाळेत मला ओळख दाखवत नाही, घरी तोंड उघडत नाही. ताट वाढलं की भूक नाही. नवरा म्हणतो, तिला काहीतरी झालंय, जरा बघ. मी म्हटलं, मोबाईल झालाय. माझ्या घरात मनबिन असली प्रकरणं नाहीत. असती तर मला कळली नसती? दिवसभर त्याच खात्यात बसते.

११ सप्टेंबर
पोरं खोलीच्या आसपास घुटमळतात आणि मला बघितलं की पळतात. शिस्तच नाही. शाळेत लस टोचायला येतात तेव्हा आम्ही वर्गावर्गात जाऊन पोरं गोळा करतो, तसंच केलं. नववी ब च्या दारात उभी राहिले आणि विचारलं, कुणाकुणाचं मन बिघडलंय त्यांनी हात वर करा, लाइन लावून न्यायचंय. एकानंही हात वर केला नाही. वर्ग खदाखदा हसला. म्हणजे नववी ब ठणठणीत. उद्या दहावीचे वर्ग.

१२ सप्टेंबर
दहावी अ पण ठणठणीत. आमची पोरगी त्याच वर्गात. तिनं मान वर केली नाही. अभ्यासात असेल.
घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मी म्हटलं, अगं, निदान बूट काढ. तेवढंही नाही. नवऱ्यानं काढले. लाडावून ठेवलंय.

१४ सप्टेंबर, गुरुवार
फक्त तीन आले. त्यातला एक उंच मुलगा, सगळे त्याला खांब म्हणतात. आत कोंदट होऊ नये म्हणून मी दार किलकिलं ठेवलं होतं. पेपर हातात आला की पोटात गोळा येतो, म्हणाला. मी स्टुलावरूनच सांगितलं की गोळा सगळ्यांना येतो, सकाळी पोट साफ ठेवत जा. मनाच्या बाई उठून आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, दार." मी म्हटलं, मोज्यांचा वास कोंडतो हो. त्यांनी दार लावलं. शिकलेल्या लोकांना वास येत नाही.
शाळा सुटल्यावर खांबाची आई गेटवर भेटली. तिच्या भल्याचं म्हणून सांगितलं की मुलगा गुलाबी खोलीत रडत होता. तिचा चेहरा असा झाला की जणू मीच रडवला. आभार मानायची पद्धतच राहिली नाही.

१५ सप्टेंबर
खांब आला नाही. गोळा आला असेल.

२१ सप्टेंबर, गुरुवार
यश! एकही मूल आलं नाही. मनाच्या बाई एकट्याच पोत्यात बसून चहा प्यायल्या. शेवटी मीच हात देऊन उठवलं. मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं की खोली रिकामी आहे, पोरं बरी झाली, आता माझ्या बादल्या परत ठेवू का? त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खूश असणार. मोठे लोक दाखवत नाहीत.

२५ सप्टेंबर
पोरगी शाळेत गेली नाही. पोट दुखतं म्हणे. ओवा दिला, घेतला नाही. पांघरूण ओढलं तर नुसती बघत राहिली. त्या बघण्याची मला चीड येते. ओरड, भांड, काहीतरी कर की.
संध्याकाळी बापलेक दोघं बोलत होते. मी आत गेले तशी गप्प. नंतर नवरा विचारतो, या गुरुवारी तू रजा टाकतेस का? कशाला म्हटलं, तर म्हणे असंच, आराम कर. याला आजच माझा पुळका! मी म्हटलं, गुरुवारीच तर शाळेला माझी गरज असते.

२८ सप्टेंबर, गुरुवार
पोरगी शाळेत आली, बरं वाटलं. मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या त्या टोकाला उभी दिसली. मला बघून दोन पावलं आली, थांबली. मी इथूनच ओरडले, "दहावीचा वर्ग तिकडे, इकडे काय रडक्यांच्या खोलीकडे?" चार पोरं वळून बघायला लागली. ती गेली. डबा विसरली असेल, मागायला आली असेल.
आजही एकही मूल नाही. थर्माकोलचं पोतं मात्र फाटलं. दाणे झाडूला चिकटतात, साडीला चिकटतात, झटकले की परत येतात. घाणेरडी वस्तू.

४ ऑक्टोबर, बुधवार
मोठ्या बाईंनी बोलावलं. बक्षीस असणार म्हणून पदर नीट करून गेले.
म्हणाल्या, उद्यापासून तुमची ड्युटी गेटवर. मी विचारलं का, काम कमी पडलं का? मग म्हणाल्या, "मावशी, एका मुलीला आत यायचंय. तुम्ही दाराशी असलात की तिला येता येत नाही."
मी म्हटलं, कोण ती, नाव सांगा, आत्ता हाताला धरून आणते.
त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. तिचे वडील काल दुपारी येऊन भेटून गेले, म्हणाल्या.
काल दुपारी नवऱ्याचं सायकलीचं दुकान बंद होतं. टायर आणायला गेलो होतो म्हणाला. टायर काही आले नाहीत.
पाणी प्यायले. कोमट होतं, वरनं ग्लासाला साबणाचा वास. शाळेत एक भांडं धड कुणी धूत नाही.
घरी नवऱ्याला विचारलं, मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "ती म्हणाली, आईला सांगितलंस तर मी जाणार नाही."
भांडायचं होतं. भांडी घासत बसले.

५ ऑक्टोबर, गुरुवार
गेट. ऊन, धूळ, रिक्षांचा धूर, पालकांचे हॉर्न. तसं बघितलं तर हे जबाबदारीचं काम आहे. अख्खी शाळा माझ्या हाताखालून जाते. तिथे काय, एक दार.
नव्या बाई स्टुलावर बसल्यात. ऐकायला जरा कमी येतं त्यांना. मुद्दाम निवडलं असणार.
संध्याकाळी पोरगी आली ती डोळे सुजवून. काय बोललीस तिथे, माझ्याबद्दल काय सांगितलंस, सगळं जिभेवर आलं. नवरा माझ्याकडे बघत होता. गिळलं.
जेवायला बसली, आपणहून. दोन घास खाऊन म्हणाली, "भाजीत मीठ नाहीये."
इतक्या दिवसांनी तोंड उघडलं आणि तेही खोट काढायला. मीठ बरोबर होतं, मी चाखली होती. मिठाची बरणी तिच्यापुढे सरकवली. तिनं चांगलं चिमूटभर घातलं, कालवलं, आणि ताटातलं सगळं संपवलं.
खारट लागली असणार. बोलले नाही.