तांदळातलं नाव

६ जाने.
खांदेश्वरला निखिलच्या घरी बैठक. हॉल, जेवण, मानपान, सगळं ठरलं. उठता उठता त्याची आई म्हणाली, "आणि नाव पर्णिका ठेवायचं हं." कुणाचं, असं विचारणार होते. माझंच! लग्नानंतरच्या लक्ष्मीपूजनाला नवरा तांदळाच्या ताटात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, मग पेढे. इतक्या लग्नांत ते पेढे खाल्ले, आपली पाळी येईल हे डोक्यातच आलं नाही. बावळट.

७ जाने.
नि.ला फोन. "अगं, ताटापुरतं गं. आधारवर पार्वतीच राहणार."
म्हणजे सरकारदरबारी पार्वती, आणि तुझ्या स्वयंपाकघरात कोण?
मग हळूच, "आईला जरा गावठी वाटतं."
गावठी तर गावठी. कोपरखैरणे गाव आमचं, तुमच्या सोसायट्यांच्या आधीचं. आजीचं नाव आहे ते. मिठागरात राबून तिने बाबांना वाढवलं. आणि याच निखिलने मला ऑफिसात भांडायला शिकवलं. "घाबरतेस काय, बोल ना!" आता बोलले तर म्हणे टेन्शन देते.

१५ जाने.
मामा आला. दारातूनच हाक, "यमे!" आई धावत गेली. इथे ती सगळ्यांची सुनंदा. भांडी लावताना विचारलं, तुला आवडलं होतं का नवं नाव?
"मना कोनी इचारलं? पयलं वरीस तं सुनंदा म्हनून हाक आली का मीच मागं बगायची, कोन आली म्हनून."
हसत हसत सांगितलं. मला रडू आलं, आणि राग. तिचाच.
"तू नको आडून बसू. लगीन मोडंल." पाच मिनिटांनी ओटा पुसता पुसता, "नय आवडत तं नको घेव."
दोन्ही कसं करू, आई?

२ फेब्रु.
नि. वाशीला भेटला. सांगितलं, दुसरं नाव लिहिलंस तर ताट उलटं करीन. तो हसला. मी नाही.
मोडलं तर मोडलं. नाही, मोडायला नकोय. मला तो हवाय. पण मीपण हवीय मला.

१८ फेब्रु.
झालं काल लग्न. घरी आलो, ताट समोर, सगळ्यांचे मोबाइल वर. नि.ने अंगठी घेतली. त्याच्या आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हात तसाच. मी अंगठी काढून घेतली आणि लिहिलं. पार्वती. एवढं मोठं की तांदूळ पाटावर सांडले. त्याची आत्या, "अगंबाई!" सासूबाईंनी पेढ्यांचा बॉक्स उघडलाच नाही.
पण नि.ने थांबवलं नाही मला. हेही लिहायला हवं.

२१ फेब्रु.
आता या घरात मला नावच नाही. पर्णिका म्हणता येत नाही, पार्वती म्हणायचं नाही. सासूबाई "अगं ए". सासरे नुसते खाकरतात. नि.पण "ऐक ना". भित्रा.
ठरवलंय, नाव घेतल्याशिवाय ओ द्यायची नाही.
सकाळी सासूबाई पूजेत, मी खोलीत. "अगं ए, दूध बघ!" बसून राहिले. "अगं, दूध!" उतू गेलं. करपल्याचा वास घरभर.
दारात आल्या, घंटी हातातच. "ऐकू येत नाही का?"
"येतं. हाक कोणाला मारली ते कळलं नाही."
नि. त्यांच्या मागे उभा. ओल्या केसांनी. सासूबाईंनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.
मी बसलेली उठले नाही.