वाचता वाचता थांबली

अगं, आपल्या छकुलीला घेऊन डॉक्टरांकडे जातोय. घाबरू नकोस असं लिहितोय खरा, पण मीच घाबरलोय. सकाळी ती मला धडा वाचून दाखवत होती, तेवढ्यात वाक्याच्या मध्येच थांबली. डोळे उघडे, पण हाका मारल्या तरी ऐकेना. मग पुढचा शब्द असा वाचला, जसं काही घडलंच नाही. आत्ता गणितं करताना पुन्हा तेच झालं. तिला काहीच आठवत नाही.

तिला घरीच शिकवायचा हट्ट माझा, त्यामुळे निदान नजरेस तरी पडलं.

जेवण झाकून ठेवलंय. आल्या आल्या फोन कर.

चपला घालताना विचारते, "बाबा, आज आपल्या शाळेला सुट्टी?" मी हो म्हणालो. टाळ्या पिटत जिना उतरलीय.