उजवीकडचा ढीग

धाकट्या,

मी बाबांजवळ दवाखान्यात आहे. कधी पोचशील ते तू कळवलं नाहीस, त्यामुळे घर गारच असेल. शेगडी पेटव, पण जळण डावीकडच्या ढिगातलं घे. उजवीकडचं अजून ओलं आहे, नुसता धूर होईल. आणि शेगडीची हवेची झडप पूर्ण लावून झोपू नकोस.

परसात बाबांनी जळणासाठी लावलेल्या झाडांच्या तीन रांगा तुला आठवत असतील. दरवर्षी ते एकच रांग कापतात, बाकीच्या वाढू देतात. यंदा तिन्ही कापल्या. मी भांडले, तर म्हणाले, "पुढच्या वर्षी मला वेळ नाही." म्हातारपणाची लहर म्हणून मी सोडून दिलं.

आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाबांना त्यांनी उन्हाळ्यातच सगळं सांगितलं होतं. बाबांनी आपल्याला ताकास तूर लागू दिली नाही.

सकाळी येताना त्यांची लोकरीची टोपी आण. तुमचं भांडण मात्र घरीच ठेवून ये.

कितीही थंडी वाजली तरी उजवीकडच्या ढिगाला हात लावू नकोस. तो त्यांनी तुझ्या-माझ्या पुढच्या हिवाळ्यासाठी वाळत घातलाय.

ताई