पुढच्या खोलीत मतपेटी ठेवण्याविषयी

आधी एक तक्रार नोंदवून ठेवतो, कारण मेल्यावर ती कुणी ऐकणार नाही. आमच्या रविवारच्या विचारमंडळात चहाचा कप दिवाळीपासून अर्धा झाला. ठराव नाही, चर्चा नाही, अध्यक्षांनी परस्पर ठरवलं. चहावरच्या करापायी अमेरिकेत इंग्रजांचं राज्य डगमगलं. इथे राजापेठेत अख्खा अर्धा कप गेला आणि आम्ही मिशा पुसून घरी गेलो.

आता रीतसर. मी, केशव गोपाल अंजनगावकर, वय सत्तावन्न, जन्म अकोल्याचा, राहणार राजापेठ, अमरावती, व्यवसाय वर्तमानपत्राचा वार्ताहर, शिक्षण संस्कृत पाठशाळेतलं, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं जागेवर आहे. हृदयाची एक झडप जागेवर नाही, तिच्या ऑपरेशनसाठी पुढच्या आठवड्यात नागपूरला जायचं आहे. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. राग मात्र भरपूर आहे. रागात लिहिलं म्हणून मृत्युपत्र बाद होत नाही, असं माझी मुलगी रागिणी सांगते. ती अकोल्याला वकिली करते, तेव्हा याची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम १. राजापेठेतलं घर माझ्या कमाईचं आहे. ते पत्नी वच्छला हिला मिळावं. तिचं माहेर फुलमळेवाल्यांचं. आमचं हे जातीबाहेरचं लग्न झालं तेव्हा अकोल्यातल्या माझ्या गुरुजनांनी माझ्या नावाने आंघोळ केली. ते सगळे आता वर आहेत. त्यांना मी या लेखाने क्षमा करत नाही, भेटल्यावर बोलू.

कलम २. बँकेत जे निघेल ते वच्छला आणि रागिणी यांनी निम्मं-निम्मं घ्यावं. स्कूटर भंगारात द्यावी, कुणाला भेट देऊन वैर घेऊ नये.

कलम ३. माझे संस्कृत ग्रंथ रागिणीला. त्यांतून मी शिकलो की मोठा मासा लहान माशाला खातो, या भयाने लोकांनी राजा नेमला, त्याला धान्यातला वाटा देऊ केला आणि त्याने रक्षण करावं असं ठरलं. राजा नेमायचा कसा, हे पाठशाळेने घोकून घेतलं. त्याने करार मोडला तर त्याला उतरवायचा हक्क प्रजेला आहे, हे मात्र गुरुजींनी परीक्षेला कधी विचारलं नाही. ते मला समुद्रापलीकडच्या विचारवंतांकडून कळलं. राज्यकर्ता हा मालक नाही, माणसाचे काही हक्क सरकारच्याही आधीचे आहेत, एवढं दोन-चार माणसांनी लिहिलं आणि पुढच्या पिढ्यांनी सिंहासनं उलटवली. अकरा वर्षांपूर्वी मी विचारमंडळ काढलं ते या नादाने.

कलम ४. मंडळ भरतं ती घराची पुढची खोली. तिची मालकी वच्छलाची, वापर मंडळाचा. पण कलम ६ च्या अटीवर. अट का घालावी लागली, ते लिहून ठेवतो.

मंडळाची एक पद्धत आहे. इथे मतदान होत नाही. अध्यक्ष ठराव वाचतात, "सर्वानुमते ना?" म्हणतात, आणि टाळ्या वाजतात. जगातल्या क्रांत्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःसाठी एवढीच राज्यघटना ठेवली! त्यामुळे शिकवणी वर्ग चालवणारे ओमप्रकाशजी पहिल्या दिवसापासून अध्यक्ष आहेत.

डिसेंबरच्या वार्षिक सभेत वाहेदभाई उठले. वाहेदभाईंचं बडनेऱ्याला पंख्या-कुलरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरायचं दुकान आहे आणि मंडळात ते माझ्याइतकेच जुने. म्हणाले, "फ्रान्सच्या लोकायनं राजाले काढलं. अमेरिकेनं बी काढलं. आपण अकरा साल हेच वाचून राहिलो. अध्यक्षसाहेब, तुमाले कोन्त्या साली काढाचं?"

खोली हसली. ओमप्रकाशजीही हसले.

पुढच्या रविवारी मी तपासण्यांसाठी अकोल्यात होतो. त्या सभेत ओमप्रकाशजींनी ठराव वाचला: शिस्तभंगाबद्दल वाहेदभाईंचं नाव कमी करण्यात येत आहे. सर्वानुमते ना? टाळ्या. चहा घेऊन गेलेल्या वच्छलाने दारातून पाहिलं आणि मला फोन केला.

"वाहेदभाई उठले, जोडे घातले न निंगाले. म्या म्हटलं, चहा तं घ्या. तं म्हणे, भाभी, आता मी मेंबर नाही."

"टाळ्या कोणी वाजवल्या?"

"सगळ्यायनं."

"आपल्या शेजारच्या ललितने?"

"त्यानं तं मोठ्यानं."

परत आल्यावर मी ओमप्रकाशजींना त्यांच्या वर्गातच गाठलं. विचारलं, संमती कुणाची घेतलीत?

"टाळ्या म्हंजे संमतीच ना, केशवराव. अन् खरं सांगू का? यायले कुठीबी बसवा, भांडणच पाह्यजे."

"यायले म्हणजे कोणाले?"

ते वर पंख्याकडे पाहू लागले. "तुमाले समजते."

मला समजलं. माझं रक्त तापलं ते अजून निवलेलं नाही. ज्या फ्रान्सने माणसाचे हक्क कागदावर लिहिले, त्याच फ्रान्सने चार-पाच वर्षांत माणसं गाड्यांत घालून गिलोटिनकडे मान कापायला नेली. बघायला गर्दी जमायची आणि जल्लोष व्हायचा. हा भाग आम्ही सलग तीन रविवार वाचला होता. वाचताना ओमप्रकाशजींचे डोळे पाणावले होते, हेही नमूद करतो.

कलम ५. अध्यक्ष बसतात ती शिसवी खुर्ची माझ्या वडिलांची आहे. ती वाहेदभाईंना द्यावी. हे सांगायला बडनेऱ्याला गेलो, तर त्यांनी हातातली मोटार खाली ठेवलीही नाही. "खुर्ची घेऊन मी काय करू, केशवराव? मले मत पाह्यजे, मत." तरी खुर्ची त्यांच्याच दारात नेऊन ठेवावी. नाही घेतली तर वच्छलाने तिच्यावर कुंड्या मांडाव्यात, पण ओमप्रकाशजींना बसू देऊ नये.

कलम ६. मी गेल्यावर महिन्याच्या आत पुढच्या खोलीत मतपेटी ठेवून गुप्त मतदानाने अध्यक्ष निवडावा, आणि पुढे दरवर्षी. वाहेदभाई सभासद आहेत आणि मतदार आहेत. अध्यक्ष मताने नेमावा, मताने काढावा. सभासदाला मात्र कुठल्याही बहुमताने काढता येणार नाही. मेलेल्याने जिवंतांवर राज्य करू नये असं मीच त्या खोलीत शिकवलं आहे, म्हणून बाकी सगळे नियम त्यांनी हवे तसे बदलावेत. हा एक बदलला, तर वच्छलाने खोलीला कुलूप लावावं. तिला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, "आजच लावतो ना. काहून थांबून राहिले?"

कलम ७. माझ्या शोकसभेचं अध्यक्षपद ओमप्रकाशजींना देऊ नये. ते बोलायला उठलेच तर टाळ्या वाजवू नयेत.

हे सर्व मी वाचून, समजून, पुन्हा एकदा संतापून खाली सही करत आहे.

सही: केशव गोपाल अंजनगावकर
साक्षीदार १: ललित, शेजारी, औषधविक्रेता (वर उल्लेख आला तोच. कलम ४ वाचून मान खाली घालून सही केली.)
साक्षीदार २: पार्बताबाई, शेजारीण
स्थळ: राजापेठ, अमरावती
दिनांक: १८ जानेवारी २०२६

सहीच्या खालचा मजकूर कायदा मोजत नाही, म्हणून हे इथे लिहितो. ऑपरेशनची मला फारशी भीती वाटत नाही. ओमप्रकाशजींना घाबरून लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. पण गुप्त मतदानात घाबरायचं कारण उरत नाही. पेटी उघडतील आणि तेव्हाही चिठ्ठ्यांवर ओमप्रकाशजींचंच नाव निघेल, म्हणजे त्या दिवशी माझ्या मित्रांनी टाळ्या मनापासून वाजवल्या होत्या, याची मला काळजी वाटते.